शाब्बास म्हणेपर्यंत

८ मार्च

दादा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं झालं असं समज. फोनवर बोलायला लागलो की आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि मग वहिनीला मध्ये पडावं लागतं, म्हणून पत्र. पत्रात तुला मध्येच "हो, पण" म्हणता येत नाही, हा मोठाच फायदा.

खुर्चीवर बसून वाच, नाहीतर पडशील. आपल्या मुकादमाला नोकरी लागली!

थट्टा नाही. खरी नोकरी. पगार, गणवेश, आठवड्याची सुट्टी, सगळं. ज्या धाकट्या भावाबद्दल तू म्हणाला होतास की "तिशी उलटली तरी समज शाळकरी पोराएवढी, याला कोण उभं करणार", त्याला एका मोठ्या लॉन्ड्रीने उभं केलंय. तिथे हॉस्पिटलांच्या चादरी येतात, ढिगाने. धुऊन, वाळवून, दाबून बाहेर आल्या की त्यांच्या घड्या घालायच्या, हे त्याचं काम. आई उगाच त्याला मुकादम म्हणत नव्हती. घरातल्या चपला एका ओळीत, टॉवेल दोरीवर मधोमध, खुर्च्या टेबलाला चिकटून. जरा इकडचं तिकडे झालं की आपल्या सगळ्यांना दम. तेच वेड आता कामाला आलं.

हे सगळं रोजगार सहाय्य केंद्रामुळे झालं. (हो, तेच, ज्याला तू "नुसता देखावा" म्हणालास.) तिथे त्याला आधी टेबलापाशी उभं करून घड्या शिकवल्या. शिकवणाऱ्या बाई नोकरीच्या जागीही त्याच्यासोबत जातात, बाजूला स्टूल टाकून बसतात, अडलं तर सांगतात आणि तो रुळला की निघून जातात. केंद्रात त्यांना मार्गदर्शिका म्हणतात. मुकादम त्यांना शाब्बासबाई म्हणतो, कारण प्रत्येक घडी झाली की त्या "शाब्बास!" म्हणतात. काय खूश असतो माहितेय का? घरी आला की आधी गणवेशाची घडी घालतो आणि मग माझ्याकडे बघत राहतो. मी चहा गाळत असते. म्हणावंच लागतं शाब्बास, नाहीतर हलत नाही पठ्ठ्या.

तुझी अट मी विसरलेली नाही. आई गेली त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तू म्हणालास, "वर्षभर बघतो. त्याला नोकरी लागली आणि टिकली तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर मी त्याला निवासी संस्थेत ठेवणार. तू दिवसभर दुकानात, हा एकटा घरात, एक दिवस गॅस उघडा ठेवेल." कागदोपत्री पालक तू, घर तुझ्या नावावर, त्यामुळे मी अट मान्य केली. पण आता ऐक. लागली. टिकेल पण. त्या संस्थेच्या माणसांना सांग, खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

२६ मे

दादा,

पत्र लिहितोस की चौकशी लावतोस? "पक्का झाला का? लेखी मिळालं का? सोबतची बाई अजून बसते का?" एकदा तरी विचार की तो कसा आहे.

मजेत आहे. परवा केंद्राचा वार्षिक कार्यक्रम झाला. मुकादमाला स्टेजवर बोलावलं, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. केंद्राच्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "हा आमचा यशस्वी उमेदवार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमाने स्टेजवरच्या खुर्च्या तिरक्या आहेत म्हणून दोन सरळ केल्या, तेव्हा तर आणखीच टाळ्या. मी मागे उभी राहून रडले, तू असतास तर तूही रडला असतास. की नसतास? तुझं काही सांगता येत नाही.

शाब्बासबाई आता येत नाहीत. त्यांची मुदत संपली, तो आता स्वावलंबी झाला म्हणे. ही चांगलीच गोष्ट आहे, तुलाच हवं होतं ना, स्वतःच्या पायावर वगैरे?

मध्ये तो एक-दोनदा लवकर घरी आला. मशीन बंद होतं. सुपरवायझरने मला भेटायला बोलावलंय, पगाराच्या खात्याचं काहीतरी असेल. दुकानात सध्या गर्दी आहे, शाळा सुरू व्हायच्या आधी लोक मुलांचे चष्मे करून घेतात, त्यामुळे जमलं की जाईन. बाकी सगळं उत्तम.

१४ जून

दादा,

मागच्या पत्रात मी तुला थापा मारल्या. मशीन बंद नव्हतं. त्याला घरी पाठवलं होतं. आणि सुपरवायझरला पगाराचं काही बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच जायचं टाळत होते. आता सगळं खरं लिहिते. वाचून "मी म्हणालो होतो" असं म्हणालास तर पत्र लिहिणंही बंद करीन.

मंगळवारी दुकानातून सुट्टी काढून गेले. लॉन्ड्री म्हणजे काय आवाज रे तो! ट्रॉल्या खडखडतात, वाफ अंगावर येते, गरम ओल्या कापडाचा वास डोक्यात बसतो. एका बाजूला मोठा तापलेला रोलर आहे, त्यातून चादरी दाबून बाहेर येतात. त्या रोलरवर एक काकू काम करतात. आणि त्यांच्या पुढच्या टेबलापाशी आपला मुकादम.

तो उभा होता. नुसता. दोन्ही हातांवर घडी घातलेली चादर, ताटावर ठेवावी तशी धरलेली, आणि मान उजवीकडे. उजवीकडे एक रिकामं स्टूल. मागे चादरींचा ढीग वाढतोय, ट्रॉलीवाला शिव्या घालतोय, आणि हा हलत नाही.

"असाच उभा राहतो हो," काकू म्हणाल्या. "मला आधी वाटलं रुसलाय. कुणी काही बोललं असेल. घरी काही झालंय का?"

सुपरवायझर तर वैतागलेलाच होता. "ताई, पोरगं भलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक घडी घालतो आणि खांबासारखा उभा. ओरडलं की आणखीच ताठ होतो. ती बाई होती तेव्हा भराभर करायचा. आता मुद्दाम करतो."

मुद्दाम! या मुलाने आयुष्यात एक गोष्ट मुद्दाम केली असेल तर शपथ.

मी त्याच्याजवळ गेले. मला बघून तो हसला, पण चादर खाली ठेवली नाही. किती वेळ तशी धरून ठेवली होती कोण जाणे रे दादा. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हळूच म्हणाले, "शाब्बास."

त्याने चादर थप्पीवर ठेवली, दुसरी घेतली, कोपऱ्याला कोपरा लावला, घातली घडी. आणि पुन्हा उभा. मान उजवीकडे.

कळलं का तुला? केंद्रात त्याला जे शिकवलं ते तो अगदी बरोबर शिकला. घडी, मग शाब्बास, मग पुढची चादर. त्याच्या लेखी शाब्बास म्हणजे कौतुक नाहीच, तो कामाचाच भाग. शाब्बास आली नाही म्हणजे घडी पुरी झाली नाही, आणि अर्धवट काम खाली कसं ठेवायचं? मुकादम आहे ना तो! मला आधी हसू आलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच केंद्रात गेले. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाल्या, "तुमच्या भावाचा फोटो आम्ही दर्शनी भागात लावलाय."

मी म्हटलं, "फोटो राहू द्या. थोडे दिवस बाईंना परत पाठवा. ही शाब्बासची सवय हळूहळू सोडवायला हवी होती. तुम्ही एका दिवसात तोडली."

"पण त्यांची मुदत संपली. नोकरी लागली की आमच्याकडून काम पूर्ण होतं."

"ती टिकते की नाही हे कोण बघतं?"

"आम्ही लागेपर्यंतचं बघतो."

"मग टिकवायला मदत हवी असेल तर काय करायचं?"

"पुन्हा नाव नोंदवायचं. फक्त त्यासाठी उमेदवार बेरोजगार असावा लागतो."

"म्हणजे नोकरी वाचवायची असेल तर आधी ती घालवायची?"

"ताई," मॅडम म्हणाल्या, "नियम मी केलेले नाहीत." आणि मला बिस्किटं पुढे केली. बिस्किटं!

जिन्यात शाब्बासबाई भेटल्या. त्यांना झाडायचंच असं ठरवून मी तोंड उघडलं, पण त्याच आधी म्हणाल्या, "उभा राहतो ना तो? मला भीती होतीच. शाब्बास कमी करत न्यायची असते, आम्हाला शिकवलेलं असतं तसं. पण ठरलेल्या मुदतीत माणूस भराभर काम करताना दिसायला हवा. कमी करायला गेलं की तो मंदावतो. मंदावला की मला विचारतात, तुम्ही तिथे काय करता?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अशा माणसावर काय चिडायचं? आणि चिडायचं नाही तर मग कुणावर चिडायचं, ते तरी सांग.

६ जुलै

दादा,

तुझं उत्तर नाही. बरं आहे. मीच लिहिते.

रोज जेवणं झाली की आम्ही टॉवेल घेऊन बसायचो. तो घडी घालायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी पहिल्यांदा लगेच शाब्बास म्हणायची. मग थोडं थांबून. मग नुसती मान हलवून. मग तेही नाही. किती चिडायचा! एकदा टॉवेल फेकून दिला, आणि लगेच उचलून परत नीट घडी घातली, कारण जमिनीवर टॉवेल त्याला बघवत नाही. मीही चिडले, ओरडले, मग दोघं एका ताटात भात खात बसलो. पण जमायला लागलं, दादा! एका संध्याकाळी त्याने माझ्याकडे बघितलं, मी ढिम्म, त्याने जरा वाट पाहिली आणि आपणहून पुढचा टॉवेल उचलला. मी न्हाणीघरात जाऊन नाचले.

तिकडे लॉन्ड्रीत तोवर काकू किल्ला लढवत होत्या. मी हात जोडून विनंती केली होती, तेव्हा म्हणाल्या, "शब्दच आहे ना एक, त्याला काय पैसे पडतात?" रोलरच्या आवाजात दिवसभर ओरडून शाब्बास म्हणायच्या. घसा बसला बिचारीचा. काम मात्र चाललं होतं. फक्त आणखी थोडे दिवस हवे होते.

आणि मग त्या ट्रॉलीवाल्याला गंमत सुचली. मुकादमाची घडी अर्धी झाली की हा मागून ओरडायचा, "शाब्बास!" मुकादम बिचारा अर्धी चादर तशीच थप्पीवर ठेवायचा. शाब्बास आली म्हणजे झाली, वाद कसला? काकू पलीकडच्या खोलीत गेलेल्या. हे लोक हसताहेत, तोही त्यांच्यासोबत हसतोय, आणि चोळामोळा झालेल्या चादरींची आख्खी गाडी हॉस्पिटलला गेली. तिथून तक्रार आली. ट्रॉलीवाल्याला दम मिळाला. मुकादमाला काढलं.

मी धावत गेले, गयावया करायला. आता तो सुधारतोय, घरी जमतंय, आठवडाभर द्या, मी स्वतः येऊन बसते, हे सगळं पाठ करत गेले. आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. त्याच टेबलापाशी एक मुलगी उभी होती, एक हात अधू असलेली, छान मन लावून घड्या घालत होती. आणि बाजूच्या स्टुलावर शाब्बासबाई.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या मुलीची घडी झाली होती, तिला शाब्बास म्हणायचंही राहून गेलं.

सुपरवायझर वाईट माणूस नाही, म्हणूनच खरं बोलला. "ताई, तुमच्यापासून कशाला लपवू? केंद्राचा माणूस घेतला की सोबत ही बाई येते. ती नुसती बसत नाही, हातही लावते. दोघांचं काम मिळतं. बाई गेली की मग अडचण होते. मग केंद्र दुसरा माणूस देतं, पुन्हा बाई येते." खांदे उडवले त्याने. "त्यांचंही होतं, माझंही होतं."

सगळ्यांचं होतं, दादा. केंद्राला आता दोन यशस्वी उमेदवार झाले, एकाच टेबलावर. पुढच्या वर्षी आणखी होतील. फोटो लावायला भिंत पुरली म्हणजे झालं. आणि जे यशस्वी होऊन घरी बसलेत त्यांचं नाव कुठेच नाही.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सध्या सुट्टी आहे, असं म्हटलंय.

१ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं. शनिवारी गाडी घेऊन येतोयस. संस्थेत जागा पक्की केलीस, खोलीला खिडकी आहे, बाग आहे, जेवण चांगलं आहे, "त्याला आराम मिळेल आणि तुलाही." मागचं पत्र वाचून तुला वाईट वाटलं असंही लिहिलंयस. त्यावर माझा विश्वास आहे. तू वाईट नाहीस. या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस एकही सापडत नाही, डोकं फिरतं ते त्यानेच.

अट मी हरले. वर्षही पुरं झालं नाही. वाद घालणार नाही. मी दुकानात असते, तो घरात एकटा असतो, गॅसची भीती मलाही वाटते. शेजारच्या बाईंना रोज लक्ष ठेवायला सांगून मला लाज वाटायला लागलीय. हे सगळं तुझं खरं आहे.

पण एक गोष्ट कळवायची आहे. ही अट तू आणि मी लावली, त्याला कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून काल मी विचारलं.

तो रोज सकाळी तयार होतो. गणवेश घालतो, डबा हातात घेतो आणि दारात उभा राहतो. मी म्हणते, "आज सुट्टी." तो डबा ओट्यावर ठेवतो, गणवेश काढून घडी घालतो. रोज. काल मी म्हटलं, "बस इथे. दादा येणार आहे. तो तुला एका मोठ्या घरी नेणार. बाग आहे तिथे. जाशील?"

"तिथे काम काय?"

"काम नाही. आराम. रोज सुट्टी."

त्याने हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "रोज सुट्टी तर इथे पण आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तुला माहितेय तो कसा बघतो ते, पापणी न हलवता. म्हणाला, "मला काढलं ना?"

इतके दिवस मी त्याला गंडवत होते आणि तो दारात उभा राहून रोज तेच खोटं ऐकून घेत होता, दादा. मी हो म्हटलं. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. काही नाही. उठला, दोरीवरची मोठी चादर काढून आणली, माझ्या समोर टेबलावर पसरली.

"माझं काय चुकलं ते दाखव," म्हणाला.

आणि घडी घातली. हळू, मला नीट दिसावी म्हणून. कोपऱ्याला कोपरा, हाताने सुरकुती काढून, पुन्हा दुमडून, कडा जुळवून. झाल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही. तीच चादर उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. मग पुन्हा. "इथे चुकलं? की इथे?" बोट ठेवून विचारत होता. मी बघत बसले. मॅडम आठवल्या, सुपरवायझर आठवला, तू आठवलास, मी आठवले. त्या चादरीत मला काही सापडेना. तो म्हणाला, "तुला कळत नाही. दादाला कळेल. दादाला विचारू."

तेव्हा शनिवारी ये. जेवण करून ठेवते. सामान मात्र मी भरणार नाही. आधी त्या टेबलापाशी बस, तो घडी घालून दाखवेल, आणि नीट बघ. त्याचं काय चुकलं ते सापडलं तर त्याला दाखव, आणि मग ने त्याला.